आधी कोण बोलणार, हे कोण ठरवतं?



संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरीचं पीठ मळत असेल, कुणी शेळ्या बांधत असेल. काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज एक साधा प्रश्न घेऊन आले आहे. तुमच्या गटात भांडण झालं, कुणावर आरोप झाला, तर बैठक कोणत्या तारखेला घ्यायची, कुणाकुणाला बोलवायचं आणि आधी कुणी बोलायचं, हे कोण ठरवतं?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? अध्यक्ष ठरवतात, नाहीतर सचिव. तारीख ही काय भांडायची गोष्ट आहे? मीही असंच समजत होते. एका बैठकीने मला शहाणं केलं, पण त्याची किंमत दुसऱ्याच बाईने मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

गावाचं नाव सांगत नाही, बाईंचंही नाही. एका गटातल्या ताईंवर आरोप आला की त्यांनी कर्जाचे तीन हप्ते भरलेच नाहीत. त्या म्हणत होत्या, पैसे मी कोषाध्यक्षांच्या हातात दिले, नोंद नंतर करू असं त्या म्हणाल्या. पैसे देताना दोघीजणी हजर होत्या, असंही त्यांनी सांगितलं. पण त्या दोघी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. ग्रामसंघाची बैठक लागली जानेवारीत. तारीख मीच ठरवली होती. बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव पाठवायचा होता आणि थकबाकीचा निकाल त्याआधी लागायला हवा होता.

ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, पाडव्यापर्यंत टोळी येते, तोवर थांबा." मी म्हटलं, "एवढं थांबता येणार नाही." त्या म्हणाल्या, "मग बैठकीत फोन लावा त्यांना." तर आमच्यातलीच एक म्हणाली, "फोनवर कसली आली साक्ष?" आणि मी गप्प बसले.

बैठकीत आधी कोषाध्यक्ष बोलल्या आणि शेवटीही त्याच बोलल्या. ताईंना मध्ये पाच मिनिटं मिळाली. अर्ध्या तासात ठराव झाला. इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं, 'दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.' ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. ताईंनी गट सोडला.

पुढे वर्षभराने मी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या कायद्याच्या प्रशिक्षणाला गेले. तिथे अमेरिकेतल्या एका सुनावणीचा विषय निघाला. बी.ए.ला माझं राज्यशास्त्र होतं, म्हणून घरी आल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचताना सारखी आमची बैठक आठवत होती. सातासमुद्रापारची गोष्ट आहे, माणसं फार मोठी आहेत, पण खोड तीच.

तिकडची पद्धत थोडक्यात सांगते. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि त्याला सिनेटची मंजुरी लागते. सिनेट म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, १०० सदस्यांचं. मतदानाआधी सिनेटची न्यायविषयक समिती त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारते, साक्षीदार बोलावते. ही सुनावणी टीव्हीवर सगळा देश बघतो. आपल्याकडे न्यायाधीश नेमण्याची अशी पद्धत नाही, म्हणून आपल्याला हे नवीन वाटतं. एकदा नेमलेला न्यायाधीश तिथे तहहयात राहू शकतो, म्हणून तिथला निकाल पुढची तीस-तीस वर्षं पुरतो.

१९९१ साली राष्ट्राध्यक्षांनी क्लॅरेन्स थॉमस यांचं नाव सुचवलं. समितीचं काम सप्टेंबरात संपलं, समितीची मतं सात विरुद्ध सात अशी पडली, आणि नाव पूर्ण सिनेटपुढे गेलं. मतदानाची तारीख ठरली ८ ऑक्टोबर. त्याच्या दोन दिवस आधी बातमी फुटली. अनिता हिल नावाच्या कायद्याच्या एका प्राध्यापिकेने समितीला कळवलं होतं, की थॉमस माझे साहेब असताना ते लैंगिक स्वरूपाचं बोलून मला त्रास देत असत. थॉमस यांनी हे सगळं ठामपणे नाकारलं. पण मुद्दा असा, की समितीला हे आधीच माहीत होतं आणि तरी समितीने अनिता हिल यांना समोर बोलावलं नव्हतं.

त्या वेळी १०० जणांच्या सिनेटमध्ये बायका होत्या फक्त दोन. न्यायविषयक समितीत १४ जण, सगळे पुरुष. मतदानाच्या दिवशी खालच्या सभागृहातल्या सात महिला खासदार पायऱ्या चढून सिनेटच्या बाजूला गेल्या. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, मतदान थांबवा आणि त्या बाईचं ऐका. त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरांची आत बैठक चालू होती, पण त्यांना आधी आत घेतलं नाही. बाहेर गदारोळ वाढला आणि शेवटी मतदान एक आठवडा पुढे गेलं, १५ ऑक्टोबरवर.

एक आठवडा म्हणजे किती? साक्षीदार शोधायचे, बोलवायचे, त्यांचं ऐकायचं आणि विचार करून मत द्यायचं, हे सगळं सात दिवसांत. सुनावणी लागली ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी. आता क्रम बघा. सकाळी आधी थॉमस बोलले. मग अनिता हिल यांना दिवसभर प्रश्न विचारले गेले. आणि त्याच संध्याकाळी, घरोघरी लोक टीव्हीपुढे बसलेले असताना, पुन्हा थॉमस आले आणि अतिशय संतापून बोलले. म्हणजे आधीही तेच आणि नंतरही तेच. शनिवारीही समितीपुढे तेच होते. अनिता हिल यांच्या बाजूचे चार साक्षीदार आले रविवारी.

आणखी एक साक्षीदार होती. तिचं नाव अँजेला राइट. तीही थॉमस यांच्या हाताखाली काम केलेली. थॉमस आपल्याशीही तसं वागले असं तिचं म्हणणं होतं. समितीने तिला रीतसर समन्स पाठवलं. ती आपल्या गावाहून राजधानीत येऊन थांबली. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. तिला बोलावलंच नाही. रविवारी रात्री दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी आपसात ठरवलं, की तिला समोर आणायचं नाही, समितीच्या कर्मचाऱ्यांनी तिची जी जबानी आधी घेतली होती ती कागदावर जोडायची. तिने त्या काळातच हे मला सांगितलं होतं अशी ग्वाही देणारी एक सहकारी होती, तिचंही म्हणणं असंच कागदात गेलं. असं का झालं, याची वेगवेगळी कारणं नंतर वेगवेगळ्या लोकांनी सांगितली. पण टीव्ही बघणाऱ्या देशाला एकच बाई दिसली. एकीविरुद्ध एक, असं चित्र उभं राहिलं. दुसरी दिसलीच नाही.

मंगळवारी मतदान झालं. ५२ विरुद्ध ४८. थॉमस न्यायाधीश झाले.

समितीचे तेव्हाचे अध्यक्ष होते जो बायडन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. २०१९ साली, म्हणजे २८ वर्षांनी, त्यांनी अनिता हिल यांना फोन करून झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. तेवढ्याने आपलं समाधान झालं नाही, असं अनिता हिल यांनी सांगितलं.

मैत्रिणींनो, थॉमस खरे की हिल खऱ्या, हे इथे बसून मी सांगणार नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. ज्या साक्षीदाराला बोलावलं आणि ऐकलं नाही, तिचं म्हणणं खरं होतं की खोटं हे तपासायची संधीच गेली. ती संधी कुणी मत देऊन घालवली नाही. ती वेळापत्रकाने घालवली.

आता २७ वर्षं पुढे या. २०१८ साली पुन्हा तीच समिती, पुन्हा न्यायाधीशाची नेमणूक. या वेळी नाव होतं ब्रेट कॅव्हनॉ. त्यांच्यावर आरोप केला क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने. घटना ३६ वर्षांपूर्वीची, दोघंही शाळकरी वयाचे असतानाची. कॅव्हनॉ यांनी आरोप साफ नाकारला. फोर्ड यांचं नाव जाहीर झालं १६ सप्टेंबरला. समितीचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी सुनावणी लावली २४ तारखेला, सोमवारी.

मग सुरू झाली पत्रापत्री. फोर्ड यांच्या वकिलांच्या मागण्या तुम्हीही मनात मोजा. आधी तपास यंत्रणेकडून चौकशी करा. सोमवार जमणार नाही, पुढची तारीख द्या. घटनेच्या वेळी खोलीत होता असं ज्याच्याबद्दल म्हणणं आहे, त्या मार्क जज याला समन्स पाठवा. आधी कॅव्हनॉ यांनी बोलावं, नंतर मी. आणि प्रश्न सिनेटरांनी स्वतः विचारावेत, दुसऱ्या कुणाकडून नको. अध्यक्षांनी उलट मुदत घातली, अमुक वाजेपर्यंत होय की नाही ते कळवा. ती मुदत वाढली, परत वाढली.

शेवटी काय मिळालं? तारीख मिळाली, २७ सप्टेंबर, गुरुवार. बाकीचं नाही. फोर्ड आधी बोलल्या, कॅव्हनॉ नंतर. मार्क जजने वकिलामार्फत लेखी कळवलं होतं की मला असं काही आठवत नाही आणि मला जाहीर बोलायचं नाही. त्याला समोर बोलावलं नाही. त्या दिवशी साक्षीदार दोनच.

समितीत बहुमत होतं रिपब्लिकन पक्षाचं. त्यांचे ११ सदस्य, अकराही पुरुष. एका बाईला अकरा पुरुष प्रश्न विचारताहेत हे बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी ॲरिझोना राज्यातल्या एका महिला सरकारी वकिलाला प्रश्न विचारायला आणलं. पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या. मधूनच प्रश्न तुटायचा, दुसऱ्या पक्षाची पाळी यायची. दुसऱ्या बाजूला दहा जण होते, त्यात चार बायका. कमला हॅरिस त्यांतल्याच एक.

दुसऱ्या दिवशी समितीने ११ विरुद्ध १० मतांनी नाव पुढे पाठवलं. पण बहुमताच्या बाजूच्याच एका सदस्याने सांगितलं, आठवडाभर चौकशी होऊ द्या, मगच मी शेवटचं मत देईन. एका माणसाने एका आठवड्यासाठी पाय रोवले आणि चौकशी झाली. मार्क जजचा जबाब तेव्हा घेतला गेला. चौकशी पुरेशी होती की नाही यावर तिथे आजही वाद आहे. ६ ऑक्टोबरला ५० विरुद्ध ४८ मतांनी कॅव्हनॉ न्यायाधीश झाले.

हा एका पक्षाचा दोष आहे असं समजू नका. १९९१ साली समितीचे अध्यक्ष डेमोक्रॅट पक्षाचे होते, २०१८ साली रिपब्लिकन. आणखी एक उदाहरण देते. अमेरिकेच्या खालच्या सभागृहात एक चांगला नियम आहे. समितीत जे अल्पमतात आहेत, त्यांनी मागणी केली तर सुनावणीचा निदान एक दिवस त्यांच्या साक्षीदारांसाठी द्यायचा. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळी रिपब्लिकन सदस्यांनी हा दिवस मागितला. समिती डेमोक्रॅट पक्षाच्या हातात होती. अध्यक्षांचं म्हणणं पडलं, की दिवस द्यायचा हे नियमात आहे, पण तो मतदानाच्या आधीच द्यायचा असं नियमात नाही. मतदान झालं, त्याआधी तो दिवस मिळाला नाही. म्हणजे ज्याच्या हातात खुर्ची, त्याच्या हातात कॅलेंडर. नियम असला तरी त्यात 'केव्हा' हे लिहिलं नसेल, तर तो नियम अर्धाच.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, मॅडम, मग काय सगळ्यांच्या सगळ्या मागण्या मान्य करत बसायचं? तारखा पुढे ढकलत राहिलो तर निकाल कधी लागायचा? बरोबर आहे. ज्याच्यावर आरोप आहे तोही माणूस आहे. त्याला आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे आधी कळायला हवं, तरच तो उत्तर देईल. म्हणून आधी तक्रार करणारी बोलते आणि नंतर ज्याच्यावर तक्रार आहे तो बोलतो, हाच क्रम बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो चुकीचा नाही. मुदतही हवी. काही लोक तारीख पुढे नेऊन समोरच्याला थकवतात, हेही आपण कचेरीत पाहिलंय. म्हणून मागणी आली की ती मान्यच करा असं मी म्हणत नाही. मागणी आली, तर तिच्यावर सगळ्यांसमोर बोला, कारण द्या आणि ते वहीत लिहा. अध्यक्षांनी एकटीने, चहा पिता पिता ठरवू नका.

हे आपल्याला कायद्याने शिकवलंय. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुम्ही ऐकला असेल. आपण शेतमजुरीला जातो, घरकामाला जातो, वीटभट्टीवर जातो. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आणि ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा : तक्रारीबरोबरच साक्षीदारांची नावं आणि पत्ते द्यायचे असतात. समोरच्यालाही तक्रार मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्याच्या साक्षीदारांच्या नावांसह. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. साक्षीदाराला बोलावून घ्यायचा अधिकार समितीला आहे. दोन्हीपैकी कुणालाही वकील आणता येत नाही. आणि सबळ कारण न देता लागोपाठ तीन तारखांना गैरहजर राहिलं, तर तक्रार करणारीची चौकशी बंद होऊ शकते किंवा एकतर्फी निकाल लागू शकतो, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

म्हणून तारखेला जाता येणार नसेल तर घरी बसून राहू नका. लेखी कळवा, कारण लिहा, अर्जाची पोच घ्या. आणि साक्षीदार बाई कामाला बाहेरगावी गेली असेल, तर ती कधी परतणार हे अर्जातच लिहा.

आमच्या ग्रामसंघाने त्या प्रशिक्षणानंतर चार गोष्टी ठरवल्या. कुणावर आरोप असेल त्या बैठकीची तारीख दोन्ही बाजूंना विचारून लावायची. साक्षीदारांची यादी बैठकीच्या आधी वाचून दाखवायची, आणि कुणाचं नाव गाळलं तर का गाळलं ते वहीत लिहायचं. आधी तक्रार करणारी, मग जिच्यावर तक्रार आहे ती, आणि शेवटी दोघींनाही सारखाच वेळ. जी ऊसतोडीला किंवा माहेरी गेली असेल तिच्याशी फोनवर, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायचं. पहिल्यांदा फोन स्पीकरवर ठेवून साक्ष ऐकली, तेव्हा मागून चरकाचा आवाज येत होता आणि बाई ओरडून बोलत होती. पण सगळ्यांनी नीट ऐकलं.

आणि त्या ताई? पाडव्यानंतर टोळी आली, तेव्हा त्या दोघी मला भेटल्या होत्या. एक म्हणाली, पैसे देताना मी पाहिलं. दुसरी म्हणाली, पाहिलं, पण तो कोणता महिना ते आठवत नाही. तोवर ठराव होऊन गेला होता. खरं काय झालं होतं, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. जानेवारीतच दोघींना एकत्र विचारलं असतं, कोषाध्यक्षांसमोर विचारलं असतं, तर कदाचित कळलं असतं. प्रशिक्षणाहून आल्यावर मी ताईंच्या घरी गेले, चूक कबूल केली आणि इतिवृत्ताच्या त्या पानाखाली लिहिलं, 'साक्षीदार न ऐकता ठराव झाला.' ग्रामसंघाने तो ठराव मागे घेतला. ताईंनी चहा दिला, पण गटात परत आल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत निकाल काय लागला हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. तारीख कुणी ठरवली? कुणाला बोलावलं नाही? शेवटचं कोण बोललं? हे बोलून दाखवायला पद लागत नाही. गटातली सगळ्यात नवी सभासदही हे विचारू शकते. आणि विचारलंत की उत्तर वहीत लिहून घ्यायला सांगा.

पुन्हा भेटू. नमस्कार.